आपाचं काळं खोकं

तुमच्याशी बोलतोय तो मी सुंठ्या, महाडच्या नुरजहाँआपाच्या घरातला बोका. रंग सुंठीसारखा मळकट तपकिरी, म्हणून हे नाव. स्वभावही तसाच तिखट आहे, असं आपा म्हणते. ती म्हणते ते खरं असणार. गरीब स्वभावाच्या बोक्यावर ही कहाणी सांगायची वेळ आली नसती.

मी जळकुटा आहे, हे आधीच कबूल करतो. मी दुसऱ्या बोक्यावर जळलो नाही, कुत्र्यावर नाही, आपाच्या लेकीवरसुद्धा नाही. मी जळलो एका काळ्या खोक्यावर. ते खोकं दूध पीत नाही, पायात घोटाळत नाही, आणि तरीही घरातली माझी जागा त्यानं घेतली.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण गाळाची आहे. महाडात मोठा पूर येऊन गेला होता. पाणी उतरलं तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात गुडघाभर चिखल राहिला, आणि त्या चिखलात मी डोळ्यांपर्यंत रुतलो होतो. एका म्हाताऱ्या हातानं मला मानेला धरून उचललं, तांब्यातल्या पाण्यानं धुतलं आणि बनियनमध्ये गुंडाळलं.

ते कुशाबाकाका. मूळचे कुडपण गावचे. एका कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं रखवालदारी केली आणि मग आमच्या तळमजल्यावर एका खोलीत राहिले. बायको वारलेली, मुलगा किशोर मुंबईला. पुरात त्यांच्या खोलीतलं सगळं सामान वाहून गेलं होतं. मला घेऊन ते पहिल्या मजल्यावर आपाच्या दारात आले. तीन तीन पायऱ्यांनी थांबून दम घेत होते.

“नुरजहाँबाय, ह्याला जरा दूध दे गो. माझ्याकडं काय बी ऱ्हायलं नाय.”

“तुमचं काही राहिलं नाही, आणि तुम्ही मांजर घेऊन आलात, काका?”

“ह्यो त्यातच गावला.”

असा मी दोन घरांचा झालो. राहायचो आपाकडे, पण दुपारी खाली काकांकडे सुकट खायला जायचो. काका स्वतःच्या ताटातली सुकट निवडून मला द्यायचे आणि सांगायचे, “काटा बघून खा.” सुकटीला कसला काटा. पण त्यांना काळजी करायला कुणीतरी हवं होतं.

आपाचे यजमान अर्शद मस्कतला नोकरी करतात, दोन वर्षांनी एकदा येतात. लेक मदिहा लग्न होऊन पनवेलला गेली. आपा घरी शिवणकाम करते. ती मशीनवर बसली की मी तिच्या मांडीवर. मशीनची घरघर खालून आणि माझी वरून. त्या मांडीवर माझ्याशिवाय कुणाचा हक्क आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मी लहान होतो तेव्हाच हे सगळं बिघडायला सुरुवात झाली होती. मला ते कळलं नाही इतकंच.

त्या पुराची एक गोष्ट आपा आल्यागेल्याला सांगते, त्यामुळे मला ती पाठ आहे. तिची धाकटी बहीण शगुफ्ता पोलादपूरकडे डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली आहे. तिकडे दरड आली अशी बातमी कानावर आली आणि लगेच फोन बंद पडले. आपा इथे पाण्यानं वेढलेली, बहीण तिथे. तीन दिवस बहीण जिवंत आहे की नाही तेच कळेना. चौथ्या दिवशी होडीतून बिस्किटं वाटणाऱ्या एका माणसानं तिच्या हातात कागदाचा कपटा दिला. त्यावर लिहिलं होतं, शगुफ्ता आणि मुलं शाळेत आहेत, सुखरूप. निरोप पाठवणारे मुरारी, पोलादपूर. वायरलेसवरून.

तो कपटा आपानं अजून कपाटात ठेवला आहे.

रस्ता सुरू झाल्यावर ती मुरारींना शोधत पोलादपूरला गेली. ते पोलिसांच्या वायरलेस खात्यातून निवृत्त झालेले. आता हौशी रेडिओ चालवतात, त्याला ती मंडळी ‘हॅम’ म्हणतात. आभार मानून झाल्यावर आपानं विचारलं, “सर, हे मला येईल का?”

“परीक्षा द्यावी लागते, ताई. सरकारचं लायसन्स लागतं. बारा वर्षांची पोरंसुद्धा देतात.”

“मी दहावी नापास आहे.”

“तिथे दहावी विचारत नाहीत. वीज कशी वाहते ते विचारतात, आणि हवेत काय बोलायचं नाही ते विचारतात.”

ती येताना एक जाड पुस्तक घेऊन आली. माझा पहिला शत्रू ते पुस्तक. शिवणाची मशीन दुपारी बंद राहायला लागली आणि आपा पुस्तक मांडीवर घेऊन बसायला लागली. बरोबर माझ्या जागेवर. मी पुस्तकावर जाऊन बसलो, तिनं मला उचलून खाली ठेवलं. पुन्हा बसलो, पुन्हा ठेवलं. सात वेळा. आठव्या वेळी मीच गेलो नाही, कारण मलाही मान आहे.

प्रश्न इंग्रजीतले. मदिहा फोनवरून अर्थ सांगायची. मुरारीसर महिन्यातून दोनदा यायचे आणि आपाच्या मोरीतली बादली, नळ आणि पाइप वापरून विजेचा दाब समजावायचे. अक्षरं स्पष्ट ऐकू जावीत म्हणून ही माणसं प्रत्येक अक्षराला एक शब्द ठेवतात. ते पाठ व्हावेत म्हणून आपानं मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळदीचा डबा हॉटेल झाला, मिरचीचा माइक, जिऱ्याचा ज्युलिएट. आणि एके दिवशी तिनं मला हाक मारली, “सिएरा, इकडे ये.” मी गेलो नाही. सुंठीच्या ‘एस’साठी सिएरा, हे मला नंतर कळलं. माझं नावही त्यांनी घेतलं.

अर्ज सरकारच्या वेबसाइटवर भरला. मग चौकशीला एक पोलीस घरी आले. चहा घेतला, कागद चाळले. मग विचारलं, “बाई, वायरलेस तुम्हाला कशाला हवा? बोलणार कुणाशी?”

आपा उत्तर जुळवत होती, तेवढ्यात दारात कुशाबाकाका येऊन टेकले. शेजारी म्हणून त्यांचीही सही हवी होती.

“सायब, मागल्या पुरात मी गच्चीवर दोन दिस पावसात व्हतो,” काका म्हणाले. “माझा पोरगा मुंबैत रडत व्हता, आन् मी जिता हाय ह्ये त्येला सांगायला कोण नव्हतं. ही बाय बोलंल ती आमच्यासाठीच बोलंल. कुठं सही करू?”

पोलीस हसले नाहीत, पण त्यांनी कागद पुढे केला. जाताना म्हणाले, “माझंही घर नदीकडेच आहे.”

परीक्षेला आपा मुंबईला गेली. पहाटे रिक्षा करून वीर स्टेशनला, तिथून गाडीनं. मला काकांकडे ठेवलं. दिवसभर काका मला विचारत होते, “पास हुईल न्हवं?” मला त्या दिवशी पोटभर सुकट मिळाली आणि मनातून वाटत होतं की ती नापास व्हावी. मग पुस्तक जाईल आणि मांडी परत येईल.

ती पास झाली.

पुढे बरेच महिने काहीच झालं नाही, म्हणून मी निश्चिंत झालो. मग एका दुपारी लायसन्स आलं. त्यावर तिची हाक, म्हणजे कॉलसाइन होती, व्हीयू थ्री आणि पुढे तीन अक्षरं. माणसाला असं नाव मिळतं की ते साऱ्या जगात दुसऱ्या कुणाचं नसतं, असं मुरारीसर म्हणाले. आपानं ते नाव चार वेळा मोठ्यानं वाचलं. नंतर न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल होते.

लायसन्स हातात आल्यावरच रेडिओचा सेट घेता येतो. तो आला. काळा, चपटा, पुढे एक हिरवट उजेडाची पट्टी. मुरारीसर आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा हैदर यांनी गच्चीवर पाइप उभा करून त्यावर अँटेना चढवली. तिथून एक जाड काळी केबल भिंतीवरून खाली आली, खिडकीतून आत शिरली, आपाच्या पलंगाखालून गेली आणि खोक्याच्या पाठीत घुसली.

खोकं शिवणाच्या मशीनशेजारी बसलं. जिथे मी दुपारी ऊन खायचो तिथे.

आपानं माइक हातात घेतला. आपली हाक सांगितली आणि “ओव्हर” म्हणून बटण सोडलं. पलीकडून पोलादपूरच्या मुरारीसरांचा आवाज आला, “स्वच्छ ऐकू येतंय, ताई. महाड आता बोलायला लागलं.”

मी कपाटावर चढून बसलो आणि संध्याकाळपर्यंत उतरलो नाही. कुणी बोलवायला आलं नाही.

त्यानंतर मी त्या खोक्याकडे नीट पाहत राहिलो. तिनं त्याच्यासाठी कापडाचं झाकण शिवलं. मखमलीचं, कडेला पायपिंग लावून. मला चार वर्षांत तिनं एक गादी शिवली होती, तीही उरलेल्या चिंध्यांची. ती रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायची. आणि त्याच्याशी बोलताना तिचा आवाज बदलायचा. शांत व्हायचा, एकेक शब्द सुटा. तसा आवाज माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मला कायम “उतर”, “सोड”, “हे काय आणलंस तोंडातून” असंच.

हैदरलाही खोकं आवडलं. त्याचे तीन ट्रक आहेत. तो एकदा म्हणाला, “आपा, आंबेनळी घाट उतरणाऱ्या माझ्या ड्रायव्हरकडेही हातात धरायचा एक सेट देऊ. माल कुठे पोचला ते कळेल.”

“धंद्यासाठी हे वापरायचं नाही, हैदर. आणि लायसन्स नसलेल्याच्या हातात तर नाहीच.”

“कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना. माझं नाव आहे त्यावर.”

हैदरनं विषय सोडला. मी मात्र चिडलो. त्या खोक्याचीही ती इतकी अब्रू सांभाळत होती.

दर रविवारी सकाळी आठला ही सगळी माणसं आपापल्या गावातून हजेरी देतात. पोलादपूरहून मुरारीसर, वर महाबळेश्वरहून एक डॉक्टर, आणखी तीनचार जण. आपा त्यांचे आवाज वहीत लिहून घेते. पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी तिनं मला सकाळचं दूध दिलं नव्हतं. मी दोनदा ओरडलो. तिनं हातानं थांब अशी खूण केली. मग मी मशीनवरून उडी मारून खोक्यावर जाऊन बसलो. ते बोलत असताना छान गरम होतं, एवढा एकच गुण त्याच्यात आहे. माझी शेपटी कुठल्याशा बटणाला लागली आणि महाबळेश्वरचे डॉक्टर मध्येच गप्प झाले.

आपानं वहीनं मला मारलं. जोरात नाही. पण तिनं मला पहिल्यांदा मारलं.

मी पलंगाखाली गेलो. तिथे अंधारात ती केबल पडलेली होती. मी ती तोंडात धरली आणि चावलो. रबर कडू लागलं. आत तारांची जाळी होती, ती दातांना टोचली. तरी सोडलं नाही. जाळी तुटेपर्यंत चावलो. मग बाहेर आलो आणि दूध प्यालो. तिनं तोवर बशी भरून ठेवली होती.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. खिडकीतून पाणी केबलवरून ओघळत आत यायचं, आणि मी केलेल्या भोकात शिरायचं. आपा एकदा म्हणाली, “सरांचा आवाज आज बारीक येतोय.” पावसामुळे असेल, असं समजून तिनं सोडून दिलं. मी पंजा चाटत बसलो होतो.

बुधवारी आपा पहाटे फजरच्या नमाजाला उठली तेव्हा तळमजल्यात पाणी शिरलं होतं. सहाच्या आत वीज गेली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी काकांची छाती फारच खराब झाली होती. त्यांच्या खोलीत ऑक्सिजनची मशीन आली होती, नाकाला नळी लावून ते तिच्याशेजारी बसून असायचे. मशीन विजेवर चाले. वीज गेली तर म्हणून एक लहान सिलिंडर होता. हैदरनं काकांना पाठुंगळी घेतलं आणि वर आणलं, मग पुन्हा कमरेभर पाण्यात जाऊन सिलिंडर आणला. काकांना आपाच्या पलंगावर उशा लावून बसवलं.

“चार तास पुरेल,” आपा सिलिंडरवरचा काटा बघून म्हणाली. “त्याआधी होडी आली पाहिजे.”

साडेआठ वाजले तरी फोन कुणाचाच लागत नव्हता. हैदरनं ट्रकची बॅटरी वर आणून ठेवलेली होती, तिला खोकं जोडलं. हिरवी पट्टी पेटली. खोक्यातून मुरारीसरांचा आवाज आला, लांबून, खरखरत. “महाडमधून कुणी असेल तर उत्तर द्या. नुरजहाँताई, आहात का?”

आपानं बटण दाबलं, हाक सांगितली, निरोप सांगितला. सोडलं. आम्ही सगळे थांबलो.

“महाडमधून कुणी असेल तर उत्तर द्या,” सर पुन्हा म्हणाले.

ती पुन्हा बोलली. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा. तिला त्यांचं ऐकू येत होतं, तिचं मात्र इथेच राहत होतं. गल्लीतल्या माणसांनी खिडक्यांतून ओरडून नावं सांगितली होती, हैदरनं ती वहीत उतरवून आणली होती. कुणाचं तान्हं बाळ होतं, कुणाचं इन्सुलिन संपलं होतं. ती वही तशीच उघडी पडून होती.

मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. खोकं मुकं झालं होतं. महिनोन्‌महिने जे ऐटीत बसलं होतं, ते ऐन वेळी उताणं पडलं, आणि ते माझ्या दातांनी. मी मखमली झाकणावर जाऊन अंग ताणून पडलो.

मग काकांनी मला बोलावलं. आवाज नव्हता, नुसती बोटं हलवली. मी त्यांच्या मांडीवर गेलो. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि त्यांची छाती वरखाली होत होती, आत चाळणीतून वाळू पडावी तसा आवाज करत. ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा व्हायला लागला होता. आपानं सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून धार कमी केली होती.

“किती ऱ्हायलं गो?” काकांनी विचारलं.

“भरपूर आहे, काका.”

काका सिलिंडरकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं होतं.

ज्या हातानं मला गाळातून काढलं तो हात माझ्याच पाठीवर जड होत चालला होता. मी उठलो आणि पलंगाखाली पळालो. जिथे चावलो होतो तिथेच, अगदी त्याच ठिकाणी, अंग चोरून बसलो आणि ओरडायला लागलो.

मी आपाला जागा दाखवली, असं म्हणायला मला फार आवडेल. पण ते खोटं आहे. मी घाबरून लपलो होतो. दडायला मला तेवढीच जागा ठाऊक होती.

आपा तेव्हा गच्चीवरून भिजून खाली आली होती. वरचं सगळं जागेवर होतं. “आता वरून खालपर्यंत केबल हातानं चाचपायची,” ती हैदरला म्हणाली. “सरांनी शिकवलंय.” खिडकीपासून तिनं बोटं फिरवत आणली आणि माझं ओरडणं ऐकून वाकली. मोबाइलचा उजेड माझ्या डोळ्यांवर पडला. तिनं मला शेपटीला धरून बाजूला ओढलं. केबलवर बोट फिरवलं. बोटाला पाणी लागलं.

“हैदर, सुरी आण. आणि मशीनच्या खणातून चिकटपट्टी.”

चावलेला तुकडा तिनं कापून टाकला. दोन्ही टोकं सोलली, पुसली. आतली तार आतल्या तारेला पिळली, त्यावर पट्टी गुंडाळली. मग जाळीला जाळी जोडली आणि पुन्हा पट्टी. शिवण घालणारी बोटं होती ती, घाईतही सरळ चालली. मग ती खोक्याशी जाऊन बसली आणि हाक सांगितली.

“ताई,” सरांचा आवाज आला. “बोला. दीड तास तुम्हाला शोधतोय.”

तिचा आवाज तेव्हा तसाच झाला, शांत आणि सुटा. “पुरुष, वय एकाहत्तर. ऑक्सिजनवर आहे. सिलिंडर एक तास पुरेल. पहिला मजला, खिडकीला लाल चादर बांधली आहे. आधी इकडे होडी पाठवा. मग बाकीचे निरोप देते. ओव्हर.”

सरांनी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. मग महाबळेश्वरच्या डॉक्टरांना सांगितला. त्यांचा फोन चालू होता, त्यांनी जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला कळवलं. आपा वहीतली नावं वाचत राहिली. एकेक नाव, घर, काय हवं ते. ती वाचायची, सर परत म्हणायचे. पाणी जिन्याच्या नवव्या पायरीवर आलं होतं.

सिलिंडर अकराला संपला. होडी बाराला आली.

तो मधला एक तास मी कधीही विसरणार नाही. आपा काकांच्या पाठीला हात लावून त्यांच्या बरोबरीनं श्वास घेत होती, आत, बाहेर, आत, बाहेर, जणू तिच्या श्वासातला थोडा त्यांना देता आला असता. बोक्यालाही हिशेब कळतो. दीड तास मी खाल्ला होता. तो नसता खाल्ला तर होडी सिलिंडर संपायच्या आधी आली असती.

नारिंगी जाकिटातल्या माणसांनी काकांना खिडकीतून होडीत घेतलं, नाकाला नवी नळी लावली. जाताना त्यांनी डोळे उघडून खोलीत कुणाला तरी शोधलं. मी पलंगाखालीच होतो.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. त्या संध्याकाळी आपानं मला उचलून मांडीवर घेतलं. किती दिवसांनी. मी डोळे मिटणार तेवढ्यात तिनं दोन बोटांनी माझा जबडा उघडला, आत पाहिलं, आणि नखानं दाताच्या फटीतून रबराचा एक काळा कण काढला. तळहातावर घेऊन बघितला. मग खिडकीतून बाहेर टाकला.

“मला तीन दिवसांपूर्वी आवाज बारीक येत होता,” ती हळू म्हणाली. “मीपण केबल तपासली नाही, सुंठ्या.”

एवढंच. मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काका वाचले. अठरा दिवस इस्पितळात होते. पण डॉक्टर म्हणाले की आता त्यांना एकटं राहता येणार नाही, आणि किशोर त्यांना मुंबईला घेऊन गेला. तळमजल्याची खोली बंद आहे. मी दुपारी सवयीनं खाली जातो, दारापाशी बसतो, परत येतो. अधूनमधून काकांचा फोन येतो. आपा तो मोठ्या आवाजावर लावते. मागच्या खेपेला ते सांगत होते, “हितं खिडकीत एक पांढरी मांजरी येती गो. तिला बी सुकट लागती.” त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे बघा, मी सुधारलेलो नाही.

हल्ली शुक्रवारी दुपारी आपाच्या घरी शिकवणी भरते. गल्लीतल्या चार बायका, एका गावातल्या रंगूबाई नावाच्या आशा आरोग्यसेविका, आणि हैदर. हैदर परीक्षेचा अर्ज भरून बसला आहे. मसाल्याचे डबे पुन्हा खाली उतरले आहेत. आपा त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, “पावसाळ्यात दर आठवड्याला केबल हातानं तपासायची. आमच्याकडे ऐन पुरात उंदरानं कुरतडलेली निघाली.”

मग सगळे माझ्याकडे बघून हसतात. घरात एवढा बोका असून उंदीर. मी मान खाली घालतो. उंदीर धरत नाही हा आळ मी सोसतो, कारण माझा गुन्हा आपा उंदरावर घालते आहे हे फक्त मला आणि तिला ठाऊक आहे. केबल तिनं प्लास्टिकच्या पाइपातून घेतली. पलंगाखालच्या तेवढ्याच चार हातांना पाइप आहे.

तुमच्याकडे मागायचं ते इतकंच. तुमच्या शेजारी कुणी मशीनच्या श्वासावर जगत असेल, कुणाची बहीण डोंगराखाली दिलेली असेल, तर हे लायसन्स काढा. पास होता येतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि घरात आमच्यासारखं कुणी असेल तर माइक हातात घेण्याआधी त्याची बशी भरा. त्यानं आमचा मत्सर जात नाही, पण वेळ टळते.

मी अजून जळतो. रविवारी आठ वाजले की ती खोक्यासमोर बसते, आणि मी उठून स्वयंपाकघरात जातो. तिथूनही सगळं ऐकू येतं. पोलादपूर हजर, महाबळेश्वर हजर. मग ती स्वतःचं नाव सांगते, त्या आवाजात, जो माझ्या वाट्याला कधी आला नाही. तेवढं होईपर्यंत मी कान तिकडेच ठेवतो.

मग पाठ फिरवून झोपतो.